माळवद उतरवताना : वैरागजवळच्या मळ्यातल्या वाड्याच्या दुरुस्तीच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024

दिवाळी उरकली, पाहुणे गेले, आणि माजघरात परत बादली ठेवावी लागली. पाऊस नव्हे, दिवाळीआधी मुरलेलं पाणी अजून ठिबकतंय. आता टाळत नाही.

वाडा सोलापूर जिल्ह्यातल्या वैरागपासून आत, गावापासून दीड किलोमीटरवर, मळ्यात आहे. मधे चौक, समोर सोपा (पुढची ओसरी), मागे माजघर, दोन्ही अंगांना खोल्या, बाहेर गोठा आणि दोन मोटांची दगडी विहीर. भिंती तीन फूट रुंदीच्या, काळ्या दगडाच्या, दर्जांत (दगडांमधल्या सांध्यांत) मातीच. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छत. वाईट अवस्थेत माजघर आणि पश्चिमेची भिंत. भिंतीला मधोमध पोट आलंय. ओळंबा सोडून पाहिला : सव्वाचार इंच.

हाताशी सहा लाख आहेत. मी सोलापुरात नोकरी करतो, त्यामुळे शनिवार-रविवार मी आणि बाकीचे दिवस चुलते बघणार. ज्यांच्याकडे अशी घरं अजून उभी आहेत त्यांना उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट लिहून ठेवतोय.

पहिली चूक कामाच्या आधीचीच. दोन वर्षांपूर्वी सोप्याच्या भिंतीची माती झडते म्हणून मी आतून सिमेंटचा गिलावा करून घेतला. खर्च 38,000. पहिलं वर्ष झकास दिसला. दुसऱ्या वर्षी खाली लोणा (ओलीबरोबर येणारा क्षार) लागला, मग गिलाव्याचे पापुद्रे पाठीमागची माती घेऊनच सुटायला लागले. भिंत जमिनीतली ओल ओढते, ती पूर्वी मातीच्या लिंपणातून उडून जायची. मी तिचं तोंड बंद केलं. हा गिलावा खरवडायलाच आता सहा हजार मागतायत.

17 नोव्हेंबर

एकही मजूर नाही. 20 तारखेला विधानसभेचं मतदान, सगळे प्रचाराच्या गाड्यांवर. जेवण, चहा आणि रोज, वर घमेलं उचलायचं नाही. मी असतो तरी तेच केलं असतं.

मग कागद काढून बसलो, आणि पंढरपूरच्या आत्यांना फोन लावला. त्यांचं वय 84, पण वाड्यातला कोनाडान् कोनाडा पाठ. मला कधीचं पडलेलं कोडं हे, की पाटलाचा वाडा गावठाणात पांढरीवर (गाव वसतं त्या पांढऱ्या मातीवर) असायचा तो इथे काळ्या रानात कसा? आत्या म्हणाल्या, "अरे, पलेगात गाव सोडून माणसं रानात झोपड्या घालून राहिली. दोन-तीनदा असं झालं. मग माझ्या आजोबांनी ठरवलं, उठायचंच कशाला, इथंच बांधू."

दरवाजाच्या गणेशपट्टीवर शके 1823 कोरलंय. म्हणजे 1901. मुंबईत प्लेग 1896 ला आला आणि पुढच्या काही वर्षांत तो सगळ्या इलाख्यात पसरला. वर 1899-1900 चा दुष्काळ. माणसं खडी फोडायच्या कामावर जात होती, तेव्हा इथे दगड घडवायला हात स्वस्त मिळाले असणार. ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी नाही.

विहीर मात्र वाड्याच्या आधीची. तिच्या दगडांवर छिन्नीचे घाव वेगळे आहेत, आणि मोटेच्या धावेचा (बैल चालायच्या उताराचा) अर्धा भाग वाड्याच्या जोत्याखाली गेलाय. थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं कुंड, अजून जागेवर आहे, त्यात आता म्हशी पाणी पितात.

1 डिसेंबर

पश्चिम भिंतीलगत दोन ठिकाणी खड्डे घेतले. मजुरी 3,200.

पहिल्या खड्ड्यात पाया सात फुटांवर मुरमाला टेकलेला सापडला. छान. दुसऱ्यात, नेमकं पोट आलंय तिथे, साडेचार फुटांवर पाया संपला आणि खाली नुसती काळी माती, तीही ओली गिच्च. डिसेंबरात. ज्याला काळ्या रानाचा अनुभव आहे त्याला पुढचं सांगायला नको : पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरूम इथे खोल गेलाय आणि बांधणाऱ्याने कंटाळा केला किंवा पैसे संपले. तरीही भिंत सत्तरेक वर्षं नीट उभी होती. बिघडली ती गेल्या पन्नासेक वर्षांत. का?

कारण चौकात होतं. चौकाची मूळ मोरी दगडी, पश्चिम भिंतीखालून बाहेर विहिरीच्या पाटात जाणारी. भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा चौकात अर्ध्यावर विटांची भिंत घातली, ती बरोब्बर मोरीच्या तोंडावर. तेव्हापासून चौकातलं पाणी भिंतीच्या पायात मुरतंय. कागदांवरून क्रम लागतो : 1948 च्या कूळकायद्यानंतर आणि 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाच्या नोंदींनंतर कुळांकडची जमीन कुळांची झाली. ते रास्तच झालं. 1 जानेवारी 1963 ला पाटीलकी गेली. मग राहिलेल्या रानाची वाटणी, त्यापाठोपाठ घराची. सोप्यात पूर्वी वसुलीला लोक बसायचे, तिथे कडब्याच्या पेंढ्या रचल्या. फेरफार वाचत गेलो आणि प्रत्येक नोंदीला वाड्यात कुठेतरी एक भेग सापडत गेली.

विटांची भिंत पाडायला चुलत्यांनी आधी नको म्हटलं. "माझ्या वडिलांनी घातलीय ती." मी त्यांना खड्ड्यात उतरवून ओली माती हातात दिली. संध्याकाळी त्यांनीच पहार घेतली.

मोरी साफ करायला दोन दिवस लागले. निघालेल्या वस्तू : गाळ, चार गोट्या, पितळेचं उलथनं, एक बैलाची घुंगरमाळ.

14 ते 22 डिसेंबर

माळवदाची माती उतरवली. माजघर 30 बाय 14 फूट. मधे खणून जाडी मोजली तर 22 इंच! कडेला कापलेल्या मातीत थर स्वच्छ दिसतात, खालचे आठ-नऊ इंच घट्ट, पांढरे, एकजीव. त्यावर दरसालची भर. दर उन्हाळ्यात रोहिणीच्या आधी दोन-चार गाड्या माती टाकायची, गळती थांबायची, पुढच्या वर्षी परत. गवताची मुळं वरच्या थरांत दोऱ्यासारखी.

हिशोब केला. 770 घनफूट माती, म्हणजे पावणेआठ ब्रास. घनफुटाला 45 किलो धरले तरी 34 टनांच्या वर. एवढं ओझं सव्वाशे वर्षांच्या तुळयांवर, आणि त्याखाली आम्ही जेवायला बसत होतो.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट मला आठवते. गणपती बोळवून झोपलो होतो, चारच्या सुमाराला भांडी वाजली. किल्लारीच्या भूकंपात जे झालं त्यात हीच जोडी होती, मातीतल्या दगडी भिंती आणि वरचं जड माळवद. त्यानंतर महिनाभर आम्ही खळ्यात ताडपत्रीखाली झोपलो. वडिलांनी वाड्यावरची माडी उतरवली, दर्जा वरवर सिमेंटने भरल्या, सोप्यात लोखंडी खांब उभे केले. माळवदाची माती मात्र कमी केली नाही. उलट माडीची जागा उघडी पडली तिथे आणखी टाकली.

आता आमची चूक. सहा माणसं होती, शिडीवरून घमेली खाली आणायला वेळ लागतो म्हणून मुकादमाने सुचवलं, तूर्त शेजारच्या खोलीच्या माळवदावर ढीग करू, ट्रॅक्टर आला की एकदम ढकलू. मी हो म्हणालो. दुपारी तीनला खालून बंदूक उडाल्यासारखा आवाज. शेजारच्या खोलीची तुळई मधोमध तडकली. कुणी खाली नव्हतं, हे नशीब. रात्री दोन वाजेपर्यंत टेकू लावत होतो.

नुकसान : तुळई 21,000, टेकूंचं भाडं 4,500, पाच दिवस.

माती नेहमी दोन्ही बाजूंनी सारखी, पातळ थरांत उतरवा आणि थेट जमिनीवर आणा. आम्ही पत्र्याची घसरगुंडी केली, 2,800 रुपयांत. ती पहिल्या दिवशी सुचायला हवी होती.

एकूण दहा ट्रॉल्या निघाल्या. टाकल्या नाहीत, आवारातच साठवल्या.

30 डिसेंबर

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. काम बंद. शेतात कडब्याची खोप, आंबील, भज्जी, उंडे. गवंडी मामांनाही जेवायला बोलावलं होतं. जेवण झाल्यावर ते हात धुवून थेट बळदात शिरले, पोटभर जेवलेला माणूस तिथे कसा मावला कोण जाणे.

बळद म्हणजे माजघराच्या दोन्ही टोकांना भिंतीआड कोंडलेली धान्याची अरुंद खोली. वर माळवदातून सवण्यावाटे (छतातल्या भोकावाटे) ज्वारी ओतायची, खाली हातभर भोकातून काढायची, भोकाला मातीचं लिंपण. गावातल्या जुन्या घरांना पेवं (धान्याची जमिनीतली कोठारं) आहेत, पण पेव पांढरीत किंवा मुरमात धरतं. काळ्या रानात धान्याला ओल लागते, म्हणून इथे बळद. दोन्ही मिळून साठेक क्विंटल मालदांडी ज्वारी मावायची, असं चुलते सांगतात.

माझा बेत एका बळदाची आडवी भिंत पाडून स्वयंपाकघर वाढवायचा होता. नकाशाही काढला होता. मामा बाहेर आले ते डोक्यावर जाळी घेऊन. म्हणाले, "पाटील, ही भिंत पाडलीत तर मला बोलावू नका, माती द्यायलाच येतो." आत मुख्य तुळईचं टोक त्या भिंतीवर बसलंय. शिवाय पश्चिम भिंतीला आतून टेका तिचाच आहे. पोट मधे आलं, टोकांना नाही, याचं कारण तेच. नकाशा चुलीत गेला.

बळदाच्या तळाशी मात्र घुशींनी पायात बोगदे केले होते. काचेचे तुकडे आणि चुन्याचा कोबा घालून बुजवले.

12 जानेवारी 2025

मामा सिद्धेश्वराच्या गड्ड्याला (यात्रेला) सोलापूरला, परत येणार 18 ला. त्यांची बोलणीच तशी झाली होती. तोवर चुन्याचं रडगाणं लिहितो.

कळीचा चुना आणला, 60 पोती, वाहतुकीसकट 27,000. खड्ड्यात विरवला. पुस्तकी माणसं महिने सांगतात, मला घाई. पाचव्या दिवशी सोप्याच्या एका पट्ट्यावर गिलावा करून घेतला. आठवड्यात भिंतीला देवी आल्यासारखे फोड. न विरलेली कळी भिंतीत गेल्यावर फुगते आणि गिलावा फोडून बाहेर येते. पट्टा खरवडला. 9,000 पाण्यात.

आता नियम : खड्ड्यात किमान 21 दिवस, वर चार बोटं पाणी, मग चाळणीतून गाळून वापर. मिश्रण एक भाग चुना, एक सुरकी (विटांची भुकटी), दोन वाळू. सुरकी विटांच्या भट्टीवरच्या चांगल्या भाजलेल्या तुकड्यांची, कच्च्या विटेची नव्हे. पाण्यात गूळ आणि हिरडा भिजवलेला. गुळामुळे मुंगळे येतात, ते चालवून घ्यायचं. बैलाची घाणी कुठून आणणार? मिक्सरमध्ये फिरवलं, पण मामांनी त्यावर पुन्हा तासभर फावड्याने मळून घेतलं. फरक हाताला कळतो, लोण्यासारखं होतं.

9 फेब्रुवारी

तुळया. माजघरात नऊ. मधला भाग टणक, खिळा ठोकला तर वाकतो. सडल्यात त्या टोकांना, भिंतीत शिरतात तिथे, आणि फक्त पश्चिमेकडे. ओल्या भिंतीत वीतभर लाकूड सव्वाशे वर्षं. बोटाने भुगा निघाला. वाळवी होतीच.

सुताराने नऊच्या नऊ बदलायचा भाव दिला : 3,10,000. आम्ही दोन बदलल्या, चारांची टोकं कापून जुन्या सागवानाचे तुकडे तिरप्या सांध्याने, बोल्ट घालून जोडले, आणि त्यांच्याखाली भिंतीतून बाहेर आलेले दगडी घोडे दिले, म्हणजे सांध्यावर सगळा भार नको. तीन जशाच्या तशा. एकूण 1,18,000. जुनं सागवान बार्शीत पाडलेल्या एका दुकानाचं मिळालं.

वाळवीसाठी शेजाऱ्याच्या सल्ल्याने दोन तुळयांना जळकं इंजिन ऑइल पाजलं. नका करू. अजूनही माजघराला गॅरेजचा वास येतो आणि खालच्या चुन्यावर तपकिरी ओघळ उतरलेत. बाकीच्यांना दुकानातलं वाळवीचं औषध लावलं. टोकं भिंतीत बसवताना तीन बाजूंनी बोटभर मोकळी जागा सोडली, हवा खेळायला.

2 मार्च ते 23 मार्च

पश्चिम भिंत. ज्वारीची काढणी सुरू, मजूर सकाळी सहा ते अकरा रानात आणि मग इकडे, तेही पेंगत. 12 दिवसांचं काम 21 दिवस चाललं.

भिंत उघडली आणि पोटाचं गुपित कळलं. तीन फूट रुंदी म्हणजे एक भिंत नाहीच. बाहेरून एक घडीव पदर, आतून एक ओबडधोबड पदर, मधे माती आणि गोटे. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार दगड 22 फुटांत एकसुद्धा नाही. पाणी शिरलं, मधली माती खाली बसली, बाहेरचा पदर सुटून पुढे आला. बाहेरून इतकी देखणी भिंत, आणि आत कुणी कुणाचा हात धरलेला नाही.

मधले बारा फूट उतरवून परत बांधले, एका वेळी चार फूट. त्याहून जास्त उघडायचं नाही, यावर मामा आणि इंजिनिअर दोघांचं एकमत झालं, त्यांचं तेवढंच झालं. दर दोन फूट उंचीवर, चार-चार फुटांवर एक आरपार दगड. तीन फुटांचे सलग दगड मिळेनात, तेव्हा दोन दगड मधे एकावर एक चढवून घेतले. न पाडलेल्या भागात दगड काढून आरपार भोक केलं, सळई टाकून काँक्रीट भरलं. दोन्ही टोकांना मुरमापर्यंत खाली जाऊन पाया भरला. तिथे मात्र सिमेंट वापरलं आणि मला त्याची लाज नाही.

दर्जा चुन्याने. दगडांवर उतरवतानाच खडूने आकडे टाकले होते, पण मजुरांनी माती धुवायची म्हणून एका रात्रीत पाइप मारला. आकडे गेले. ऑइलपेंट वापरायला हवा होता. घडीव दगडांचं कोडं सोडवण्यात चार दिवस.

खर्च 2,34,000. सहा लाखांची गोष्ट इथेच संपली. सोसायटीचं कर्ज काढलं.

6 एप्रिल ते 4 मे

आता वर. पहिली ट्रॉली पांढऱ्या मातीची कुणीतरी जुन्या पांढरीच्या टेकाडावरून आणून दिली. त्यात खापरांचे तुकडे, एक शंखाच्या बांगडीचा तुकडा. परत पाठवली. अशी टेकाडं म्हणजे मोडलेली जुनी गावं, ती माळवदावर पसरायची नसतात. आणि गरजही नव्हती, आमचीच दहा ट्रॉल्या माती आवारात पडून होती. तीच चाळली, मुळं काढली.

तुळयांवर सरे (आडवी लाकडं), सऱ्यांवर किलच (लाकडाच्या चिरफळ्या), त्यावर तुराट्या आडव्या दाट, मग कडुलिंबाचा पाला चार बोटं, त्यावर भुसा कालवलेला चिखल. तो वाळू दिला नऊ दिवस. मग चाळलेली पांढरी माती दोन-दोन इंचांचे थर, किंचित ओलावून, चोपण्यांनी चोपत. वरच्या थरात मीठ, ब्रासला दोन पोती, गवत उगवू नये म्हणून. एकूण आठ इंच. ओझं 34 टनांवरून साडेबारावर आलं. उतार चार फुटांना एक इंच, पन्हळीकडे. पूर्वी उतार नव्हताच, भरीत बुजला होता.

बायकांनी चोपताना गाणी म्हटली नाहीत, मोबाइलवर लावली.

28 एप्रिलला दुपारी मोजलं : अंगणात 42, माजघरात 33. आठ इंचांत भागतंय. 22 इंचांतही एवढंच असायचं का, ते मोजून ठेवलं नव्हतं.

22 मे

रोहिणी लागायची होती, आणि पाऊस आधीच रोज. मेच्या मध्यापासून सुरू झाला तो थांबेना. माजघराचं माळवद झालेलं, शेजारच्या (तुळई तडकलेल्या) खोलीचं अर्धं उघडं. ताडपत्री 30 बाय 40 ची एकच, आणि तिला मधे भोक. दोन रात्री चुलते, पुतण्या आणि मी बादल्या घेऊन. ओला चिखल तुराट्यांसकट खाली आला. तो भाग परत : 26,000.

आमचं वेळापत्रक नक्षत्रांवर बांधलेलं होतं. यापुढे माळवद उघडायचं तर ते मार्चअखेर झाकलं जाईल अशा बेतानेच.

13 जुलै

गोठ्याची कौलं. मंगळुरी, जाड, वाजवली तर घंटेसारखी. उलटी केली तर मागे बासेल मिशनचा छाप आणि 1865. मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलो की गोठा वाड्याच्या 36 वर्षं आधीचा आहे. मग लक्षात आलं, 1865 हे मंगळूरचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचं साल, ते वर्षानुवर्षं प्रत्येक कौलावर छापलं जात होतं. इतकी जड कौलं एवढ्या लांबून बैलगाडीने येणं अवघड. कुर्डुवाडी ते बार्शी छोटी गाडी 1897 ला सुरू झाली, त्यानंतरच ती आली असावीत. गोठा वाड्याच्याच वेळचा. आत्यांना परत फोन करून माफी मागितली.

नवी कौलं या मापाची बसत नाहीत. फुटक्या 140 पैकी 95 वैरागच्या एका पाडलेल्या शाळाखोलीवरून मिळाली, उरलेल्या जागी पत्रा.

24 सप्टेंबर 2025

सीनेला महापूर, माढा-मोहोळकडची गावं पाण्यात, आमच्याकडेही तीन दिवस आभाळ फाटलेलं. रस्ता बंद, मी सोलापुरात अडकलो. चुलत्यांचा रात्री अकराला फोन : "चौकातलं पाणी मोरीनं धो-धो चाललंय. माजघर कोरडं." मग थोडं थांबून, "पन्हळीच्या कोपऱ्यात गळतंय. बादली ठेवलीय."

पन्हळीचा दगड भिंतीच्या बाहेर नऊ इंचच आलाय, पाणी वाऱ्याने परत भिंतीवर येतं. दीड फुटाचा दगड लागेल, पाथरवटाने 3,500 सांगितलेत. पश्चिम भिंतीला ओळंबा लावून ठेवलाय, पाव इंचही हललेली नाही. सोप्याचा सिमेंट गिलावा काढायचा अजून तसाच आहे, लोण्यासकट. आजवरचा एकूण खर्च 7,92,000. दिवाळीनंतर सोपा.